स्टँडखालची वीट

प्रिय ताई,

हे पत्र तुला सुक्या बोंबलांच्या पुडीत सापडेल, म्हणून वास मारेल, रागावू नको. निशिगंधाताई सुट्टी संपवून परत मस्कतला निघालीय. ती बोलली, बॅगेत जागा आहे, दक्षताला काय द्यायचं ते द्या. मग आईने सोडे, बोंबील, मसाला सगळं बांधलं. मसाल्याच्या पिशवीवर एक फ्रेमवाला फोटो आहे, तो आईकडून. हे पत्र माझ्याकडून, आणि ते आईला माहीत नाही. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला माहितीय. रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला की मी आईच्या मागे उभा राहून "हां, बरा आहे" एवढंच बोलतो. व्हॉइस मेसेज करायला घेतो आणि स्वतःचाच आवाज ऐकून डिलीट मारतो. टाइप करून पाठवलं तर आई विचारते काय लिहिलंस, वाचून दाखव. म्हणून हे हाताने लिहितोय. शुद्धलेखन बघू नको. नववीत सोडलेली शाळा आहे, आणि त्याच्या आधीचं पण बरंचसं मोबाईलवर झालेलं, जे डोक्यावरून जायला लागलं ते जातच राहिलं.

सुरुवात तूच केलेली. आठवतंय का, तू बोललीस हॉस्टेलमधल्या सगळ्या मुलींनी भिंतीवर घरचे फोटो लावलेत आणि माझ्याकडे एक हळदीतला आहे, त्यात आई मेकअपमुळे ओळखूच येत नाही. मला आईचा तिच्या जागेवरचा फोटो पाहिजे. टोपली, बर्फ, मासे कापायची मोरली, पाठीमागे खाडी, सगळं आलं पाहिजे. तेव्हा आई बोलली, "म्हावऱ्याचा फोटू कनाला पाहिजे हिला, तिकरं म्हावरा मिलत नाय काय." पण दुसऱ्या दिवशी गणपतीला घेतलेली हिरवी साडी नेसून धंद्यावर गेली. मला काही बोलली नाही, नुसतं जाताना फोन चार्ज आहे का विचारलं.

तर आईची जागा तुला माहितीच आहे, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या टोकाला, निळ्या ताडपत्रीखाली, ठमाबाईच्या बाजूला. ताडपत्रीखाली अंधार, आणि मागे खाडीवर एवढं ऊन की डोळे बारीक करायला लागतात. फोनवर आईच्या तोंडावर बोट दाबून फोटो काढला की आई दिसायची आणि खाडी जळून पांढरी व्हायची, जशी काय आई एखाद्या ट्यूबलाइटसमोर बसलीय. खाडीवर बोट दाबलं की खाडी, पूल, आकाश सगळं मस्त यायचं आणि आई कोळशासारखी काळी, हसली असेल तर फक्त दात. मी रोज काढायचो आणि रोज डिलीट करायचो. आई पण पाहिजे आणि खाडी पण पाहिजे. एवढं साधं होतं आणि ते होत नव्हतं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. तसं मला सगळ्यातच वाटतं.

आता देवयानी मॅडमचं सांगतो, कारण आईने तुला अर्धवट सांगितलंय की मी बिल्डरकडे कामाला लागलो. बिल्डरकडे नाही. देवयानी मॅडम डोंबिवलीच्या, ठाण्यात ऑफिस आहे, त्या विकायच्या फ्लॅटचे फोटो काढतात. आईच्या जुन्या गिऱ्हाईक, पापलेटवाल्या. एकदा त्या बोलल्या, सामान उचलायला कोणी विश्वासाचा पोरगा मिळेल का, आणि आईने मला मागून ढकलला, "हा घेऊन जा, बोलत नाय पन मोरत पन नाय कायी." म्हणजे तोडफोड करत नाही, एवढी माझी लायकी. मॅडम मात्र बोलल्या, न बोलणारा असेल तर उत्तमच. आता आम्ही टिटवाळ्याला जातो, नव्या बिल्डिंगींमध्ये. रिकामे फ्लॅट, भिंतींना ओल्या रंगाचा वास, आणि आपला आवाज आपल्यालाच परत ऐकू येतो, म्हणून मी अजूनच बोलत नाही. माझं काम म्हणजे स्टँड उभा करायचा, पाय पसरायचे, स्क्रू आवळायचे, आणि मॅडम फोटो काढताना जागचं हलायचं नाही.

तिथे पहिल्यांदा बघितलं. मॅडम एकाच जागेवरून एकाच हॉलचे तीन फोटो काढत होत्या. एक बरोबर, एक पार काळा, एक पार पांढरा. मला वाटलं कॅमेरा बिघडला, पण सांगायची हिंमत होईना. दिवसभर तेच. शेवटी स्टेशनला परत येताना रिक्षात मी विचारलं, मॅडम, तो काळा फोटो कशाला ठेवायचा, डिलीट करू का. त्या हसल्या आणि बोलल्या, "अरे प्रितम, डिलीट करू नकोस, तोच तर खिडकीसाठी आहे." मग समजावलं. याला एचडीआर बोलतात, हाय डायनॅमिक रेंज. त्यातला हाय सोडला तर मला काही कळलं नाही. त्या बोलल्या, आपला डोळा खोलीतला अंधार आणि खिडकीबाहेरचं ऊन दोन्ही एका वेळी बघू शकतो, कॅमेऱ्याला ते झेपत नाही. म्हणून काळ्या फोटोतून खिडकीबाहेरचं घ्यायचं, पांढऱ्या फोटोतून खोलीतले अंधारे कोपरे घ्यायचे, आणि कॉम्प्युटरवर तिन्ही एकत्र करायचे. आता बघ, उजेडाच्या भागासाठी काळा फोटो आणि अंधाराच्या भागासाठी पांढरा फोटो. मी घरी येऊन भात खाताना पण तेच उलटसुलट करत होतो. आईने विचारलं मीठ कमी आहे का. मी बोललो उजेडासाठी काळा. ती माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली.

पण एक गोष्ट लगेच कळली, की आई पण आणि खाडी पण, ते यातच होणार. माझ्या फोनमध्ये पण एचडीआर असं लिहिलेलं बटन आहे. मी ते दाबून बघितलं तर ताडपत्रीचा निळा रंग आईच्या तोंडावर आला आणि कोलंबी जांभळी झाली. मॅडमना दाखवलं. त्या बोलल्या, फोन त्याच्या अकलेने करतो, तू तुझ्या अकलेने कर. माझ्या अकलेने असं आतापर्यंत कोणी बोललं नव्हतं. ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी त्यांचा जुना कॅमेरा आणि जुना स्टँड घरी नेऊ देतात. स्टँडचा एक पाय ढिला आहे. हे लक्षात ठेव.

पहिल्या दिवशी कॅमेरा घेऊन धंद्यावर गेलो तर सगळ्या बाजाराला सण. तुला माहितीय तिथल्या बायका. ठमाबाईने लांबूनच आईचं नाव घेऊन हाक दिली, "आला गो मालूचा फोटूवाला. ए पोऱ्या, माजा वय कमी करनारा बटन हाय काय त्यान, इचार तुजे मॅडमला." दुसरी बोलली, लग्न जमत नाही माझ्या पोरीचं, तिचा काढ. मी स्टँडमागे तोंड लपवून उभा. एका गिऱ्हाईकाला वाटलं मी टीव्हीवाला, तो केस नीट करायला लागला. आई बोलली, "गप ऱ्हावा गो, पोर घाबरतंय माजा," आणि तेच सगळ्यात जास्त लाजिरवाणं होतं. मी तीन फोटो काढले आणि पळालो. मॅडमच्या लॅपटॉपवर एकत्र केले तर काय झालं माहितीय, मी सगळे कंट्रोल फुल्ल केलेले. ढग शिसवी लाकडासारखे काळे, बर्फ निळा, आणि ठमाबाईच्या डोक्याभोवती पांढरं वलय, कॅलेंडरवरच्या देवीसारखं. मॅडम बोलल्या हे चूक आहे, याला हेलो बोलतात, जास्त ओढलं की येतं. पण ठमाबाईने तो फोटो बघितला आणि सोडेना. आता तो तिच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आहे, कळव्याच्या नाक्यावर. येता जाता माझी चूक दहा फुटांची दिसते आणि लोक तिला बोलतात भारी आलाय.

त्याच फोटोत आईला तीन हात आले होते. उजव्या बाजूला. म्हणजे मनगटापर्यंत एकच, आणि पुढे पंजा एकावर एक, पुसट पुसट, पाण्यात बघितल्यासारखा. बाकी सगळं घट्ट. पापलेटाचे खवले मोजता येतील एवढं घट्ट. मॅडम बोलल्या, याला घोस्ट बोलतात, तीन फोटोंच्या मधे काही हललं की ते भूतासारखं दिसतं. टिटवाळ्याच्या फ्लॅटमध्ये पण व्हायचं. एकदा पडद्याचं झालेलं, पडदा तिथे पण आहे आणि नाही पण. मॅडमनी वर बघितलं आणि बोलल्या, पंखा बंद कर. पंखा बंद केला, पडदा थांबला, फोटो आला. मला वाटलं झालं, शिकलो. हलणारी वस्तू थांबवायची की फोटो येतो.

मग दुसऱ्या वेळी मी आईला बोललो, आई हलू नको. ती बोलली नाय हलत. तीन फोटो. परत तोच हात. मला वाटलं स्टँड हलला, तो ढिला पाय, खाली सगळी ओली फरशी आणि खवले. मग मी पायाखाली वीट लावली, कॅमेऱ्याला हात न लावता टायमरवर काढला. परत तोच हात. मला वाटलं पुलावरून गाडी गेली की जमीन हलते. पण मग खाडीकाठचा खांब का नाही हलला, बर्फाची पेटी का नाही हलली. आईच्या बाजूला ठमाबाई फोटो म्हटलं की श्वास पण घेत नाही, ती घट्ट. आईचं तोंड घट्ट, खांदा घट्ट, डावा हात घट्ट. एकच हात तीन. मी मॅडमना विचारलं, लेन्सचा उजवा कोपरा खराब आहे का. त्यांनी बघितलं, बोलल्या लेन्स ठीक आहे. मग मी पुढच्या वेळी आईच्या दुसऱ्या बाजूने काढला, म्हणजे उजवा हात फोटोच्या डाव्या कोपऱ्यात येईल असा. तो तिथे पण तीनच. ताई, माझं डोकं काम करेना. एवढं एक गणित मला आयुष्यात पहिल्यांदा सोडवावंसं वाटत होतं आणि ते सुटेना.

त्यानंतरच्या वेळी आईने उजवा हात मांडीखाली घातला. मी बोललो हात दिसू दे ना, ताईने मोरलीवर कापताना मागितलाय. मग तिने डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि तशी बसली, शाळेत बाई फटके मारणार असल्यासारखी. मला वाटलं लाजतेय. मी बोललो असं कोण बसतं. तर ती पहिल्यांदाच कॅमेऱ्यावर चिडली, "तुजा तो डबा कधी गप बसनार हाय, मना धंदा हाय." आणि ठमाबाई, जी कधी गप बसत नाही, ती खाली बघून मांदेली निवडत बसली. मग तिने आईच्या पुढचं सुरमईचं ताट आपल्याकडे ओढलं आणि बोलली, "मी कापतंय, तू गिऱ्हाईक बघ." आईने ओढू दिलं. आईने आपली सुरमई कधी कोणाला कापू दिलीय, तूच सांग.

मी ते पण बघितलं आणि मला काही कळलं नाही. मी तेव्हा शटरचाच विचार करत होतो.

मधे एक दिवस मॅडमच्या ऑफिसात मी ते वीट लावून काढलेले फोटो एकत्र लावत बसलेलो. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि एरवी त्या बघताक्षणी बोलतात, इथे ओढलंस, तिथे वाकडं झालं. या वेळी वाकून त्यांनी हाताचा भाग मोठा करून बघितला. मग विचारलं, "प्रितम, आई चहाचा कप कशी पकडते रे?" मला प्रश्नच कळला नाही. मी बोललो, पकडते की, हाताने. त्या बोलल्या बरं. मग त्यांनी मला एक बटन दाखवलं, डीघोस्ट. बोलल्या, हे भूत काढायचं. त्याला कमी, मध्यम, जास्त असं असतं. जास्त केलं की सॉफ्टवेअर तीन हातांमधला एकच हात ठेवतं आणि बाकीचे दोन पुसून टाकतं. मी जास्त केलं. ताई, एका सेकंदात आईचा हात आला. एकदम शांत. बोटं सरळ, मोरलीवर सुरमई, मागे खाडी, पूल, दोन होड्या, आकाशात आकाशाचा रंग. आई पण आणि खाडी पण. मला उड्या मारायच्या होत्या. मॅडम बोलल्या सुंदर झालाय, खरंच. आणि मग बोलल्या, पण ते तीन सुटे फोटो पुसू नकोस, ठेव.

घरी गेलो आणि चहाचं बघितलं. आई चहा स्टीलच्या ग्लासात घेते, अर्धाच, आणि दोन्ही हातांनी धरते. आता मला सांग, ती आधीपासून दोन्ही हातांनी धरायची का. मी खूप आठवलं. मला आठवेचना. मी तिला रोज बघतो त्यामुळे मला काहीच आठवत नाही. तू तिला रोज बघत नाहीस, तुला आठवेल. आणि मग एकेक आठवायला लागलं, पण तेही खरं आहे की मी आता बनवतोय ते कळेना. वेणी ती हल्ली ठमाबाईकडून माळून घेते. बोटाला चिंधी असते, विचारलं तर बोलते काटा लागला. वजनकाट्यावर मासे ठेवून ती हात पटकन काढते, आकडा थरथरतो म्हणून गिऱ्हाईक ओरडतं. आणि तुझा कॉल. तू बोलतेस ना, आई फोन हातात धर, डब्याला टेकवून ठेवतेस तर फक्त तुझी हनुवटी दिसते. ती बोलते हात मसाल्याचा हाय. कॉलच्या वेळी दर रविवारी हात मसाल्याचा कसा असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मी तिला विचारलं. म्हणजे तोंडाने जमलं नाही, मी नुसतं तिच्या हाताकडे बघत बसलो. ती भाजी चिरत होती. तिने बघितलं मी बघतोय, आणि हात पदरात घेतला. मग स्वतःच बोलली, "बर्फाचा हात हाय तो. आखा जन्म बर्फान घातला, मग होनारच." मला पटलं. बर्फात हात घातला की माझे पण बधिर होतात. मी मॅडमच्या ओळखीने जाड रबरी हातमोजे आणले, तिने दोन दिवस घातले, नंतर शेजारच्या पोपटच्या मांजरीचं पिल्लू त्यात झोपायला लागलं. मग एका सोमवारी बाजार बंद होता, दिवसभर बर्फ नाही काही नाही, आई टीव्ही बघत बसलेली, हात मांडीवर होता. आणि तो चालूच होता. ती टीव्ही बघत होती आणि हात आपलं आपलं काहीतरी करत होता, बोटांनी पैसे मोजल्यासारखं. मला तो पडदा आठवला. इथे पंखा कुठे आहे बंद करायला, असं मनात आलं आणि मी उठून बाहेर गेलो. डॉक्टरकडे जाऊया असं मी बोललो, नंतर एकदा, हे मी बोललो, ताई, तोंडाने. तर आई बोलली, "डॉक्टर काय करनार, बोलल जागा सोर. ती जागा माजे सासूची हाय. एकदा उठली की दुसरी बसतं तिथं." आणि ते खरं पण आहे. बाबा गेल्यावर ती बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बसलेली, ते पण याच्यासाठीच.

आता फोटोचं. तो चांगला झालेला मी मॅडमच्या इथून मोठा प्रिंट काढून आणला. आईला दाखवला. तिने आधी हात धुतले, पदराला पुसले, आणि प्रिंट दारात उजेडात नेऊन बघितला. मला वाटलं ती खाडी बघेल, साडी बघेल. ती हात बघत होती. खूप वेळ. मग प्रिंट जमिनीवर ठेवला, कारण तो पण हलायला लागलेला, आणि बोलली, "बघ कसा गप बसलाय." मी बोललो ते कॉम्प्युटरने केलंय. ती बोलली, "कोनी पन केला असू दे. हाच पाठव दक्षीला. भिंतीवर लावल ती." आणि मग बोलली, बाकी तिला काही सांगू नको. तिचं ते किडनीच्या मशिनीचं ट्रेनिंग चालू आहे, तिथे कोणी नाही तिचं, ती कळलं की सगळं टाकून येईल आणि मग परत जाणार नाही. मी मान हलवली. माझी मान हलवली म्हणजे वचन, हे तिला माहीत आहे. मी कधी कोणाला काही सांगतच नाही, म्हणून सगळे मला सांगतात.

तेव्हापासून मी नुसता गोंधळात आहे. आईचं पण खरं वाटतं. तू तिथे एवढ्या लांब, तुला झोप लागणार नाही, आणि मी घरात असून काय उपयोगाचा, तर फोटो काढतो. आणि मग असं पण वाटतं की तो फोटो तुझ्या भिंतीवर लागेल आणि तू रोज सकाळी ड्यूटीला जाताना त्या शांत हाताकडे बघून बरं वाटून घेशील, आणि इथे हात. तो फोटो खोटा आहे असं पण नाही, ताई. तो हात आईचाच आहे. तीनमधल्या एका फोटोत तो तसाच होता, एका क्षणापुरता. मॅडमना मी एवढंच विचारलं की मर्ज केलेला खरा की सुटे खरे. त्या बोलल्या, "मर्ज केलेल्यात आपल्याला जे दाखवायचंय ते असतं. सुट्यांमध्ये सगळं असतं." हे मला फोटोचं बोलल्या की दुसरं कशाचं, ते मला कळलं नाही, आणि मी परत विचारलं नाही.

म्हणून असं केलंय. फ्रेमवाला फोटो वर आहे, तो आईचा, तो भिंतीवर लाव, तिला कॉलमध्ये दिसला पाहिजे. आणि या पत्राच्या मागे कागदात गुंडाळून तीन छोटे प्रिंट आहेत. काळा, मधला आणि पांढरा. मर्ज न केलेले, काही न पुसलेले. बोंबलाच्या पुडीत ठेवले, कारण ती पुडी आईने स्वतः बांधलेली, ती परत उघडणार नाही. आई बोललेली सांगू नको. मी तुला काही सांगितलेलं नाही, मी फक्त फोटो कसे काढतात ते लिहिलंय. पण तू नर्स आहेस. तू माणसांचे हात रोज बघतेस. ते तिन्ही फोटो टेबलावर ओळीने ठेव आणि बाकी काही बघू नको, उजवा हात बघ. काळ्यात तो वर आहे, मधल्यात बाजूला, पांढऱ्यात नुसता धूर. हे काय आहे, त्याला नाव काय, गोळी असते का, तिला जागा सोडायला लागेल का, की जागेवर बसूनच काही करता येईल, ते मला सांग. घरच्या फोनवर नको. खाली देवयानी मॅडमचा नंबर लिहिलाय, त्यांना विचारून ठेवलंय, त्या फोन माझ्याकडे देऊन बाहेर जाऊन उभ्या राहतील. मी बोलेन. या वेळी बोलेन. आणि प्रितमला फोटो काढता येत नाहीत, त्याचाच काहीतरी घोळ असेल, असं मनात पण आणू नको. मला पण तसंच वाटायचं. लेन्स तपासली, बाजू बदलून बघितली, फोकस बरोबर आहे. स्टँड हललेला नाही. मी वीट लावली होती.

तुझाच, कॅमेऱ्यामागे उभा असलेला,
प्रितम